हायस्कूलची ऑनर सोसायटी: आत कसं जायचं, आणि शाळेत नसेल तर सुरू कशी करायची

आमच्या थोरल्याला नॅशनल ऑनर सोसायटीने, म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलमधल्या निवडक मुलांच्या मानाच्या संघटनेने, नाकारलं तेव्हा त्याचा जीपीए (सगळ्या विषयांच्या गुणांची सरासरी, ४.० पैकी) ३.९ होता. शाळेच्या लेटरहेडवर तीन ओळींचं पत्र, खाली अ‍ॅडव्हायझर बाईंची (सोसायटीचं काम पाहणाऱ्या शिक्षिकेची) सही, कारण काहीच नाही. मागे काही लिहिलंय का म्हणून मी ते पत्र दोनदा उलटून पाहिलं. मग तोंडून निघालं ते अस्सल मराठी आईचं वाक्य: "मग घेतलं कुणाला?"

घेतलं होतं त्याच्याच वर्गातल्या एका मुलीला. तिचा जीपीए ३.५. पण ती दोन वर्षं दर शनिवारी गावातल्या फूड पँट्रीत (गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात) जाऊन डब्यांवरच्या तारखा तपासायची, मुदत संपलेले डबे बाजूला काढायची. आमचे चिरंजीव शनिवारी अकरापर्यंत झोपायचे.

तीन वर्षांनी धाकटीच्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. तिला प्रवेश मिळाला, आणि पुढे तिने शाळेत गणिताच्या ऑनर सोसायटीचा चॅप्टरही (शाळेतली शाखा) सुरू केला. या दोन्ही फेऱ्यांत जे कळलं ते इथे लिहिते आहे, मुख्यतः अमेरिकेत हायस्कूलला मुलं असलेल्या मराठी घरांसाठी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. नियमांचा सांगाडा देशभर एकच असला तरी मांस शाळेगणिक वेगळं असतं, तेव्हा वाचताना आपल्या शाळेचं पत्रक शेजारी ठेवा.

आधी डोक्यातून 'बोर्डात येणं' काढून टाका

आपल्या पिढीच्या मनात मान म्हणजे गुणवत्ता यादी. इतके टक्के, इतकावा नंबर, पेपरात फोटो, पेढे. ऑनर सोसायटी हे नाव ऐकलं की आपण ते त्याच खणात टाकतो आणि तिथेच चुकतो.

नॅशनल ऑनर सोसायटी १९२१ साली सुरू झाली. मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने ती काढली आणि पहिला चॅप्टर पिट्सबर्गच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू हायस्कूलमध्ये निघाला. तेव्हापासून निवडीचे खांब चार आहेत: अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. त्यातला फक्त पहिला आकड्यात मोजता येतो. उरलेले तीन शाळेतले शिक्षक ठरवतात. मिडल स्कूलच्या मुलांसाठी १९२९ मध्ये ज्युनियर सोसायटी निघाली, तिथे नागरिकत्व हा पाचवा खांब आहे. ज्युनियरमध्ये असलेलं मूल हायस्कूलला आपोआप वर सरकत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. हायस्कूलला सगळं पहिल्यापासून.

गुण फक्त दार उघडतात. राष्ट्रीय नियमानुसार ४.० पैकी किमान ३.० एकत्रित जीपीए लागतो, म्हणजे साधारण बी किंवा ८५ टक्के. शाळा ही रेघ वर नेऊ शकते, खाली आणू शकत नाही. आमच्या भागात ३.५ किंवा त्याहून वर नेलेल्या शाळा बऱ्याच आहेत. जीपीए वेटेड (अवघड वर्गांना जादा वजन देऊन) धरतात की अनवेटेड, हे आधी विचारून घ्या. एपीच्या (कॉलेजच्या तोडीच्या) वर्गांमुळे फुगलेला आकडा बघून निवांत बसलेली घरं मी पाहिली आहेत.

पहिली पायरी: ऑगस्टमध्येच तीन प्रश्न विचारा

शाळा सुरू झाल्या झाल्या मुलाने (तुम्ही नव्हे) कौन्सेलरला किंवा चॅप्टरच्या अ‍ॅडव्हायझरला ईमेल करायची. निवड कोणत्या इयत्तेत होते? जीपीएची रेघ कुठे आहे? आणि निवडीचे निकष लेखी कुठे मिळतील? प्रश्न एवढेच. चॅप्टरने निवडीची पद्धत लिहून जाहीर ठेवणं अपेक्षित असतं, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नात संकोच करण्यासारखं काही नाही.

इयत्तेचं असं आहे की नववीतल्या मुलांना नॅशनल ऑनर सोसायटीत घेत नाहीत. दहावी ते बारावी पात्र, पण पुष्कळ शाळा फक्त ज्युनियर आणि सीनियर, म्हणजे अकरावी-बारावीलाच निवड करतात. शिवाय त्या शाळेत साधारण एक सत्र काढलेलं असावं लागतं, कारण शिक्षकांनी मूल पाहिलेलं हवं. आपल्यातली जी कुटुंबं नोकरीपायी राज्यं बदलत असतात त्यांनी हे ध्यानात घ्यावं. नव्या शाळेत सप्टेंबरात पोचलेल्या मुलाला ऑक्टोबरच्या निवडीत बसवायचं असेल, तर जुन्या मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र घेऊनच निघा.

दुसरी पायरी: नववीपासून एक फाइल

मला एकच सल्ला द्यायला सांगितलं तर मी हा देईन.

थोरल्याच्या वेळचा प्रसंग सांगते. फॉर्म सकाळी आठला द्यायचा, आणि आदल्या रात्री साडेदहाला आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर. 'मागच्या वर्षी लायब्ररीत तू किती शनिवार गेला होतास रे?' 'चार. की सहा?' 'ती बाई कोण होती?' 'केस पांढरे होते.' नवऱ्याने फोनमधले फोटो मागे मागे सरकवून तारखा शोधल्या. शेवटी आकडे अंदाजाने भरले, आणि अंदाज अंदाजासारखाच दिसतो: सगळे पाचाच्या पटीत.

वर आणखी एक घोळ. मंडळाच्या गणेशोत्सवात पोराने खरंच तीस तास राबून काम केलं होतं. खुर्च्या लावणं, पार्किंग, महाप्रसादाला वाढणं. त्या तासांवर सही होती मंडळाच्या सचिवांची. सचिव म्हणजे त्याचे बाबा. अ‍ॅडव्हायझर बाईंनी ती ओळ पेन्सिलने खोडली. त्यांचं काही चुकलं नाही. नात्यातल्या माणसाची सही बहुतेक शाळा धरत नाहीत, आणि तो नियम पत्रकात होता. आम्ही वाचला नव्हता.

धाकटीला मग नववीतच एक निळी फाइल आणून दिली. आत एक साधा तक्ता: तारीख, जागा, काय काम केलं, किती वेळ, कुणाच्या देखरेखीखाली, त्यांची सही आणि ईमेल. नियम एकच, घरी येऊन गाडीतून उतरायच्या आत ओळ भरायची. सही त्याच दिवशी घ्यायची, महिन्याने नाही. सीनियर सेंटरमधल्या व्हॉलंटियर प्रमुख बदलतात, निवृत्त होतात, फ्लोरिडाला निघून जातात.

किती तास लागतात, असं प्रत्येक आई विचारते. राष्ट्रीय पातळीवर ठरलेला आकडा नाही, तो चॅप्टर ठरवतो. पण आकड्यापेक्षा सातत्य बोलतं. एका उन्हाळ्यात कोंबलेल्या साठ तासांपेक्षा दीड वर्ष महिन्याला चार तास केलेलं काम शिक्षकांना जास्त खरं वाटतं, आणि मलाही वाटतं.

कुठलं काम धरतात? पैसे न घेता, घराबाहेरच्यांसाठी केलेलं. आपल्या मुलांसाठी एक चांगली जागा हाताशी असते ती म्हणजे रविवारची मराठी शाळा. लहान वर्गाला मदतनीस म्हणून वर्षभर जाणं, बाराखडीचे तक्ते करणं, स्नेहसंमेलनाला नाटुकलं बसवणं ही भक्कम सेवा आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळा. सही नात्याबाहेरच्या शिक्षकाची घ्या, आणि मराठी शाळा काय असते ते फॉर्मवर एका ओळीत समजावा. वाचणाऱ्या माणसाने बृहन्महाराष्ट्र मंडळाचं नाव ऐकलेलं नसतं. काही चॅप्टर देवळाच्या किंवा चर्चच्या पूजाविधीतली मदत धरत नाहीत, तेही पाहून घ्या.

एच-फोर व्हिसावरच्या (एच-वनवर नोकरी करणाऱ्यांच्या) मुलांबद्दल दोन शब्द. ऑनर सोसायटीला नागरिकत्वाची अट नाही. पण वर्गमित्र आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करून 'जबाबदारी' या रकान्यात ते लिहितात, आणि आपल्या मुलाला एच-फोरवर पगारी काम करता येत नाही. तो रकाना रिकामा सोडू नका. धाकट्या भावंडाला रोज शाळेतून आणणं, आजीचे डॉक्टरकडचे संवाद मराठीतून इंग्रजीत सांगणं, घरातली ही कामंही जबाबदारीच आहेत. सेवेच्या तासांत ती बसणार नाहीत, पण निबंधात बसतात.

तिसरी पायरी: फॉर्म

पात्र मुलांना शाळा कळवते आणि एक माहितीपत्रक भरायला देते. नीट वाचलंत तर दिसेल की त्याला बहुधा 'अर्ज' म्हणत नाहीत. कारण ही निवड आहे. फॉर्म भरला म्हणजे हक्क झाला असं नाही. मुलाला हे आधीच सांगा, पुढचं दुखणं कमी होतं.

फॉर्म वाचणारे पाच शिक्षक असतात. मुख्याध्यापक दरवर्षी पाच जणांची फॅकल्टी कौन्सिल नेमतात. अ‍ॅडव्हायझर बैठक चालवतात पण मत देत नाहीत, आणि खुद्द मुख्याध्यापक कौन्सिलवर नसतात. बहुमताने ठरतं. आता कल्पना करा: पाच थकलेली माणसं, शाळा सुटल्यावरची वेळ, समोर शंभर-दीडशे फॉर्म. त्यांना विशेषणं नको असतात.

थोरल्याने नेतृत्वाखाली लिहिलं होतं: 'रोबोटिक्स क्लबचा सक्रिय सदस्य, संघभावनेने काम केले.' यातून काय कळलं? काही नाही. खरं तर त्या वर्षी नववीतल्या तीन नव्या मुलांना सोल्डरिंग त्यानेच शिकवलं होतं, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी मोटर जळाली तेव्हा जुन्या यंत्रातली मोटर काढून बसवायची कल्पनाही त्याचीच होती. पण ते त्याला 'नेतृत्व' वाटलंच नाही. कारण त्याच्यापाशी पद नव्हतं.

नेतृत्व म्हणजे पद नव्हे. अध्यक्ष, खजिनदार हे लिहायला सोपं म्हणून मुलं तिथेच अडतात. मुलाला विचारा: तू नसतास तर कोणतं काम झालंच नसतं? जे उत्तर येईल ते लिहायला लावा, आकड्यासकट.

सेवेच्या रकान्यात संस्था, काळ, तास आणि नेमकं काम. 'गरजूंना मदत केली' हे वाक्य मराठीत जितकं पोकळ तितकंच इंग्रजीत. 'दर शनिवारी दोन तास, डब्यांच्या तारखा तपासणं आणि पिशव्या भरणं' हे भरीव.

चारित्र्य हा खांब सगळ्यात निसरडा. इथे मुलाने स्वतःबद्दल फार काही लिहायचं नसतं. शाळेच्या नोंदी बोलतात. कॉपीचं एखादं प्रकरण, वारंवार उशिरा येणं, कुणाला चिडवल्याची तक्रार. आपल्याकडे 'अभ्यासात हुशार आहे ना, मग चालतंय' म्हणून अशा गोष्टींवर पांघरूण पडतं. इथे ३.९ वाल्याला एका कॉपी केलेल्या लॅब रिपोर्टने बाहेर ठेवलेलं मला ठाऊक आहे. तसं काही घडलं असेल तर लपवू नका. काय झालं, त्यानंतर काय बदललं, हे चार ओळींत सरळ लिहावं. कौन्सिलमधल्या कुणाला तरी ते माहीत असतंच.

निबंध मागितला तर तो मुलाने लिहावा. मला स्वतःला हे कठीण गेलं. धाकटीच्या निबंधात मी 'थोडंसं' सुधारलं, आणि तिने ते वाचून म्हटलं, "आई, हे तुझ्या ऑफिसच्या ईमेलसारखं वाटतंय." सगळं खोडलं. स्पेलिंग तपासा आणि लांब बसा.

शिफारस लागत असेल तर शिक्षकांना किमान दोन आठवडे आधी, समोरासमोर विचारावं, आणि सोबत कामाची यादी असलेला एक कागद द्यावा. सर्वांत जास्त मार्क देणाऱ्या सरांना विचारायचा मोह होतो. त्यापेक्षा ज्यांनी मुलाला अडखळताना आणि सावरताना पाहिलंय त्यांना विचारा. आणि मुदत म्हणजे मुदत. आठ वाजता म्हणजे आठ. इथे शिपाईमामांना सांगून फॉर्म आत सरकवता येत नाही.

निकाल

निवड झाली तर इंडक्शनचा, म्हणजे नव्या सदस्यांना आत घेण्याचा, समारंभ असतो. मेणबत्त्या, शपथ, चार खांबांवर चार छोटी भाषणं, निळा-सोनेरी रंग, चिन्हात कमानीचा मधला दगड आणि मशाल. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर न्या. आमच्या सासूबाईंना मेणबत्त्यांवरून वाटलं की हा चर्चचा कार्यक्रम आहे. मी कानात समजावेपर्यंत त्या हात जोडून बसल्या होत्या.

झाली नाही तर? त्या रात्री कुणालाही ईमेल पाठवायची नाही. मी पाठवली होती, साडेअकराला, चार परिच्छेदांची. आजही आठवलं की कानशिलं तापतात. दोन दिवस जाऊ द्या. मग मुलाने अ‍ॅडव्हायझरकडे वेळ मागावी आणि 'मला का नाही घेतलं' याऐवजी 'माझ्या फॉर्ममध्ये कुठला भाग कच्चा होता' असं विचारावं. निकष चुकीचे लावले गेले, पान गहाळ झालं, तास मोजताना चूक झाली, असं काही ठोस असेल तर मुख्याध्यापकांकडे जायचं. त्यांच्याही वर राष्ट्रीय कार्यालयाकडे दाद मागण्यात अर्थ नाही. ते शाळेच्या निवडीत पडत नाहीत. वकिलाचं नाव काढणारे पालकही पाहिले. त्यातून मुलाचा काय फायदा झाला, ते कुणी सांगितलं नाही.

बारावी बाकी असेल तर पुन्हा संधी असते. थोरला दुसऱ्या वर्षी आत गेला. गंमत म्हणजे तोपर्यंत त्याला त्याचं फारसं काही वाटेनासं झालं होतं, आणि मधल्या काळात त्यानेही धरलेली फूड पँट्री मात्र सुटली नव्हती.

आत गेल्यावर काम संपत नाही. बैठका, चॅप्टरचा वार्षिक सेवा प्रकल्प, स्वतःचे तास, आणि जीपीए रेघेच्या वर ठेवणं. घसरलं तर आधी लेखी सूचना, सुधारायला अवधी, काढण्यापूर्वी म्हणणं मांडायची संधी, असा क्रम असतो. पण एकदा काढलं किंवा स्वतः राजीनामा दिला की परत प्रवेश नाही. म्हणून 'वेळ नाही, सोडून देतो' हे वाक्य मुलाने अ‍ॅडव्हायझरसमोर सहज बोलू नये. गाव बदललं तर सदस्यत्व सोबत येतं: नव्या शाळेत चॅप्टर असेल आणि जुन्या शाळेचं पत्र असेल तर ते सामावून घेतात, आणि नव्या निकषांत बसायला एक सत्र देतात.

पोस्टाने येणारा सोनेरी शिक्का

जुनियर वर्षाच्या आसपास घरी जाड कागदाची पत्रं येऊ लागतात. 'आपल्या पाल्याची निवड झाली आहे', वर सोनेरी शिक्का, खाली फी. खरी ओळख सोपी आहे. शाळेतल्या चॅप्टरमधून आणि शिक्षकांच्या निवडीतून जे येतं ते वेगळं. शाळेला माहीतही नसताना थेट घरी येतं आणि पैसे भरले की सदस्य करतं ते वेगळं. नॅशनल ऑनर सोसायटीत व्यक्तीला परस्पर सदस्य होता येत नाही, शाळेमार्फतच व्हावं लागतं. चॅप्टर वर्गणी घेतो, पण ती पिझ्झाच्या खर्चाइतकी. पत्र आलं की कौन्सेलरला दाखवा, मगच कार्ड काढा.

दुसरी दारं: विषयांच्या सोसायट्या

एका सोसायटीवर जीव टांगू नये. बऱ्याच शाळांत विषयवार ऑनर सोसायट्या असतात, आणि एखाद्या विषयात रमणाऱ्या मुलाला त्या जास्त मानवतात. गणितासाठी म्यू अल्फा थीटा, ओक्लाहोमा विद्यापीठात १९५७ मध्ये सुरू झालेली. पत्रकारितेसाठी क्विल अँड स्क्रोल, १९२६ पासून. नाटकवाल्यांची इंटरनॅशनल थेस्पियन सोसायटी १९२९ ची. संगीताला ट्राय-एम, चित्रकलेला नॅशनल आर्ट ऑनर सोसायटी, शिवाय स्पॅनिश आणि फ्रेंचच्या आहेतच. शाळेच्या नाटकात पडद्यामागे दिवे सांभाळणाऱ्या मुलालाही थेस्पियनमध्ये जागा मिळते, हे आपल्या घरांत फार कमी जणांना माहीत असतं.

कॅलिफोर्नियातल्यांसाठी आणखी एक: कॅलिफोर्निया स्कॉलरशिप फेडरेशन, तीही १९२१ ची. इथे शिक्षकांची कौन्सिल नाही, सरळ गणित आहे. ठरावीक यादीतल्या विषयांत ए ला ३ गुण, बी ला १, आणि एका सत्रात किमान १० गुण. डी किंवा एफ आला की त्या सत्रापुरते बाद. खाचखळगा असा की सदस्यत्व एकाच सत्राचं असतं आणि प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ठरलेल्या काही दिवसांत फॉर्म स्वतः भरावा लागतो. हुशार मुलं गुणांमुळे सुटत नाहीत, तारीख विसरल्यामुळे सुटतात.

मराठीची ऑनर सोसायटी माझ्या पाहण्यात नाही. पण मराठी लिहिता-बोलता येणाऱ्या मुलासाठी 'सील ऑफ बायलिटरसी' (दोन भाषा लिहिता-वाचता येतात याची मान्यता) हा मार्ग आहे, कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये तो सुरू केला आणि मग इतर राज्यांत पसरला. डिप्लोमावर शिक्का मिळतो. आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठीची परीक्षा कशी देता येईल, ते परकीय भाषा विभागाला दहावीतच विचारा.

शाळेत नसेल तर: चॅप्टर कसा काढायचा

धाकटीच्या शाळेत नॅशनल ऑनर सोसायटी होती, गणिताची नव्हती. दहावीच्या मे महिन्यात तिच्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "अगं, वेबसाइटवर फॉर्म असेल, भरून टाक." तसं नसतं. कुठलाही चॅप्टर शाळेचा असतो, विद्यार्थ्याचा नाही. मुख्याध्यापकांची मान्यता आणि एक शिक्षक, या दोन गोष्टींशिवाय पान हलत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग कागद. मुलं उलटं करतात. पोस्टर, लोगो, इन्स्टाग्रामचं खातं आधी, आणि शिक्षक शोधायला ऑक्टोबर उजाडतो.

तिने तीन गणिताच्या शिक्षकांना विचारलं. पहिल्या दोघांनी नाही म्हटलं. एकांकडे आधीच दोन क्लब होते, दुसऱ्या बाळंतपणाच्या रजेवर निघाल्या होत्या. तिसऱ्या सरांनी अट घातली: "महिन्यातला एक मंगळवार, तीन चाळीसपर्यंत. त्यानंतर मला माझ्या मुलाला डेकेअरमधून आणायचं असतं." तिने ते शब्दशः नियमावलीत घातलं. ही मला फार आवडलेली गोष्ट. शिक्षकाचा वेळ फुकट नसतो. 'तुम्हाला फक्त सही करायची आहे' असं सांगून फसवलेला अ‍ॅडव्हायझर वर्षअखेरीला चॅप्टर सोडून जातो.

मुख्याध्यापकांकडे जाताना तिने एकच पान नेलं. त्यात चार गोष्टी होत्या. किती मुलं पात्र आहेत: म्यू अल्फा थीटाला बीजगणित-भूमितीसह कॉलेजपूर्व गणिताची दोन वर्षं पूर्ण, तिसरं चालू किंवा पूर्ण, आणि गणितात ३.० लागतो. ती संख्या तिने सरांकडून काढून घेतली, कारण इतरांचे गुण विद्यार्थ्याला बघता येत नाहीत. पुढे, चॅप्टर काय करेल: मंगळवारी मोफत गणित शिकवणी. मग, कोण सांभाळेल. आणि शेवटी, खर्च किती व तो कोण देणार. म्यू अल्फा थीटात विद्यार्थ्याची फी एकदाच भरायची असते, दरवर्षी नाही. ज्यांना तीही जड जाईल त्यांच्यासाठी बेक सेलमधून (घरचे केक-बिस्किटं विकून) थोडे पैसे बाजूला ठेवायचं तिने सुचवलं. मुख्याध्यापकांनी सगळ्यात जास्त वेळ याच ओळीवर काढला.

नॅशनल ऑनर सोसायटीचाच चॅप्टर काढायचा असेल तर पसारा मोठा. शाळा राष्ट्रीय कार्यालयाकडे चार्टर (चॅप्टरची अधिकृत मान्यता) मागते आणि वार्षिक संलग्नता शुल्क भरते. ते काहीशे डॉलरचं असतं आणि शाळेच्या बजेटमधून जातं, म्हणून वसंतातच विषय काढा, बजेट ठरायच्या आधी. मग अ‍ॅडव्हायझर नेमणं, पाच शिक्षकांची कौन्सिल, लेखी निवडपद्धत, शिस्तीचे आणि काढून टाकण्याचे नियम, पहिली निवड, पहिलं इंडक्शन. घाई केली तरी एक शैक्षणिक वर्ष धराच. ज्या मुलाने खटपट केली त्याची निवडही कौन्सिलच करणार, संस्थापक म्हणून मागच्या दाराने नाही. हे मुलाला सुरुवातीलाच कळलेलं बरं.

नियमावली लिहिताना धाकटीने एक ओळ जोडायला लावली. पात्र न ठरलेल्या मुलाला जाणाऱ्या पत्रात नेमकी कोणती अट अपुरी पडली आणि पुन्हा कधी विचार होईल, हे लिहायचंच. सर म्हणाले, एवढं कशाला. तिने दादाचं पत्र फोनवर दाखवलं.

पहिल्या वर्षी अकरा सदस्य झाले. शिकवणीला पहिल्या मंगळवारी कुणीच आलं नाही. दुसऱ्या मंगळवारी एक मुलगा आला, तोही चार्जर शोधत. मग तिने जागा बदलली, वर्गातून उचलून कॅफेटेरियाच्या दाराशी, जिथे उशिराच्या बसची वाट बघत मुलं बसलेली असतात. डिसेंबरपर्यंत टेबलं कमी पडायला लागली.

कॉलेजच्या अर्जात

एवढ्यासाठीच करायचं असेल तर वाईट बातमी: नुसतं सदस्यत्व कॉलेजवाल्यांना रोज दिसतं. कॉमन अ‍ॅपवर (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जावर) मानसन्मानांना पाच जागा आहेत आणि उपक्रमांना दहा, प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरं. फक्त सदस्य असाल तर सन्मानांत एक ओळ पुरे. काही चालवलं असेल तर ते उपक्रमांत टाका, आणि त्या १५० अक्षरांत सोसायटीच्या नावाची थोरवी सांगत बसू नका. सीनियर सदस्यांसाठी राष्ट्रीय सोसायटीची शिष्यवृत्तीही असते. तिची मुदत कॉलेज अर्जांच्याच धामधुमीत येते, म्हणून सप्टेंबरातच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

जाण्याआधी

चॅप्टर बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षी मरतो, संस्थापक पदवी घेऊन गेला की. म्हणून सीनियर वर्षाच्या जानेवारीतच पुढच्या दोघांना सोबत घ्या, सगळे कागद एका जागी ठेवा, कुठल्या महिन्यात काय करायचं त्याचं एक पान लिहा, आणि खाती स्वतःच्या नावावर ठेवू नका.

धाकटीने यातलं पहिलं सगळं केलं. आता ती कॉलेजात आहे, आणि गेल्या महिन्यात जेवताना तिचा फोन वाजला. चॅप्टरच्या नव्या अध्यक्षीण बाईंचा मेसेज होता: ताई, आपल्या जीमेलचा पासवर्ड काय होता?